झामोश्च : एका मुत्सद्यानें वसविलेलें नगर

पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यांत, युक्रेनच्या सरहद्दीपासून सुमारे साठ किलोमीटरांवर, झामोश्च नांवाचें एक लहानसें नगर आहे. तेथील लोकवस्ती साठ हजारांच्या आसपास भरते. आणि त्यांतील जुना भाग तर इतका आटोपशीर आहे कीं, एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत चालत जाण्यास दहा-बारा मिनिटें पुरतात. युरोपांतील बहुतेक गांवें नदीच्या उतारापाशीं, एखाद्या गढीच्या आश्रयानें किंवा बाजाराच्या वाटेवर हळूहळू वाढत गेलीं. कोणी घर बांधलें, त्याच्या शेजारीं दुसऱ्यानें बांधलें, आणि दोघांच्या मधली वांकडीतिकडी वाट हाच पुढें रस्ता झाला. झामोश्चची गोष्ट निराळी आहे. एका माणसानें तें मनांत आणलें, दुसऱ्यानें कागदावर आंखलें आणि मोकळ्या रानांत तें उभें राहिलें. येथें नगराची कल्पना आधीं जन्मली; नगर मागाहून आलें. ती कल्पना काय होती, तिच्यांत जीव कोणीं ओतला आणि चार शतकांत तिच्यावर कोणकोणते प्रसंग गुदरले, हें समजून घेण्यासारखें आहे.

या नगराचा संस्थापक यान झामोय्स्की. त्याचा जन्म १५४२ सालीं, आजच्या नगराजवळच असलेल्या स्कोकुव्का या गांवीं झाला. घराणें सरदारी, पण पहिल्या प्रतीच्या बड्या घराण्यांपैकीं नव्हे. पॅरिस येथें कांहीं काळ अध्ययन करून तो इटलींतील पाडुआच्या विद्यापीठांत कायदा शिकावयास गेला. आणि तेथील विद्यार्थ्यांनीं १५६३ सालीं, त्याच्या एकविसाव्या वर्षीं, त्याला आपला रेक्टर निवडलें. बाप कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट होता. मुलगा पाडुआ येथें कॅथॉलिक झाला. भिन्न मतांचीं माणसें एका छपराखालीं नांदूं शकतात, हा अनुभव त्याला घरांतूनच मिळालेला होता. मायदेशीं परतल्यावर बुद्धि, वक्तृत्व आणि कायद्याचें ज्ञान यांच्या बळावर तो झपाट्यानें वर चढला. राजा स्तेफान बातोरी यानें १५७८ सालीं त्याला राज्याचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य प्रधान नेमलें आणि १५८१ सालीं सरसेनापतीची वस्त्रेंही त्यालाच दिलीं. लेखणी आणि तरवार या दोन्ही एकाच हातीं आल्या. पोलंड व लिथुएनिया यांचें संयुक्त राज्य त्या काळीं युरोपांतील अत्यंत विस्तीर्ण राज्यांपैकीं एक होतें. त्यांत राजाच्या खालोखाल कोणाचा शब्द चालत असेल तर तो झामोय्स्कीचा.

अशा माणसाला स्वतःचें नगर असावें असें वाटलें, यांत नवल नाहीं. त्या काळीं पोलंडांत खासगी मालकीचीं गांवें पुष्कळ होतीं. नवल आहे तें त्यानें जें नगर योजिलें त्याचें. तारुण्यांत पाहिलेली इटली त्याच्या डोळ्यांपुढून हललेली नव्हती. पाडुआ हेंच ज्याचें मूळ गांव, असा बेर्नार्दो मोरांदो नांवाचा शिल्पज्ञ तेव्हां पोलंडांत काम करीत होता. त्याच्याशीं झामोय्स्कीनें १५७८ सालीं करार केला, आणि १० एप्रिल १५८० रोजीं नगर वसविण्याची सनद निघाली. मोरांदोनें पुढील आयुष्य या एकाच कामाला वाहिलें. तो याच नगरांत राहिला आणि १६०० सालीं वारला. मोकळ्या जागेवर पायापासून वेशीपर्यंत सबंध नगर एकाच हातानें उभारावें, हें भाग्य त्या काळच्या इटलींतल्या शिल्पज्ञांसही सहसा लाभत नसे.

मोरांदोच्या आराखड्याचें वर्णन करतांना मनुष्यदेहाची उपमा देण्याचा प्रघात आहे. पश्चिमेकडे संस्थापकाचा वाडा, हें मस्तक. तेथून थेट पूर्वेकडे जाणारा ग्रोद्झ्का नांवाचा सरळ रस्ता, हा पाठीचा कणा. मुख्य चर्च आणि विद्यापीठ हीं फुप्फुसें. आणि भोंवतालच्या तटाचे पुढें आलेले सात बुरूज हे हातपाय. कण्याला काटकोनांत छेदणाऱ्या दुसऱ्या रस्त्यानें तीन चौक एका ओळींत ओंवलेले आहेत : मध्यें मोठा बाजार, एका अंगास मिठाचा बाजार आणि दुसऱ्या अंगास पाण्याचा बाजार. मोठा बाजार बरोबर चौरस आहे. त्याची प्रत्येक बाजू शंभर मीटरांची. त्याच्या चारी बाजूंस घरांच्या खालून कमानींची अखंड पडवी फिरविलेली आहे. पोलंडांतील हिंवाळा कडक. तेव्हां बर्फ पडो कीं पाऊस पडो, गिऱ्हाइकानें कोरड्या पायांनीं दुकानामागून दुकान हिंडावें, हा त्यांतला हेतु. इटलींतली ती कमान थंड मुलखांत आली आणि तेथें तिचा उपयोग अधिकच झाला.

नगरसभेची इमारत चौकाच्या मधोमध न ठेवतां उत्तरेकडील घरांच्या ओळींत बसविलेली आहे. पोलंडांतील इतर नगरांत ती बहुधा मध्यभागीं असते. येथें मात्र नागरिकांच्या सत्तेनें मालकाच्या वाड्याशीं बरोबरी करूं नये, असा संकेत त्यांत होता, असें सांगतात. पुढें तिच्यावर मजले चढले, अठराव्या शतकांत समोर पंख्यासारखा पसरलेला दुहेरी जिना आला. आणि आज ५२ मीटर उंचीचा तिचा मनोराच नगरांत सर्वांआधीं दृष्टीस पडतो. मालकाच्या वाड्याकडे मात्र कोणी वळून पाहत नाहीं. काळानें हा मानपान असा उलटा फिरविला.

परंतु भिंती उभारल्यानें नगर होत नाहीं, माणसें हवीं. झामोय्स्की हें पुरतें जाणून होता. काळ्या समुद्राकडून व ल्वूवकडून येणारा माल लुब्लिनमार्गें विस्तुला नदीच्या खोऱ्यांत उतरे. त्याच वाटेजवळ त्यानें आपलें नगर मांडलें होतें. मग ज्यांना दूरचा व्यापार अवगत होता त्यांना त्यानें एकामागून एक कौल दिले. १५८५ सालीं आर्मेनियन लोकांना सनद मिळाली. १५८८ सालीं स्पेन व पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या सेफार्दी ज्यूंना. १५८९ सालीं ग्रीकांना. प्रत्येकाला घर बांधण्याची, धंदा करण्याची आणि आपल्या देवाची आपल्या रीतीनें उपासना करण्याची मोकळीक होती. शतकापूर्वीं ज्या ज्यूंना स्पेननें हांकून दिलें होतें, त्यांच्या वंशजांना भूमध्य समुद्रापासून इतक्या दूर, बर्फाच्या मुलखांत एका सरदारानें अगत्यानें बोलावून घेतलें. कांहीं वर्षांतच एका लहानशा तटाच्या आंत कॅथॉलिक, आर्मेनियन, ऑर्थॉडॉक्स आणि ज्यू अशा चौघांचीं प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं. बाजारांत पोलिश, आर्मेनियन, ग्रीक, रुथेनियन, इटालियन आणि स्पॅनिश वळणाच्या बोली कानीं पडूं लागल्या.

या उदारतेचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. ती आजच्या अर्थाची समता नव्हती. प्रत्येक समाजाची पेठ वेगळी होती. त्याचे हक्क सनदेंत लिहिलेले होते आणि लिहिलेल्या हक्कांना मर्यादाही होत्या. ज्यू व आर्मेनियन यांना बोलावण्यांत धर्मबुद्धीपेक्षां हिशेब अधिक होता. त्यांच्या व्यापारांतून मालकाच्या खजिन्यांत जकात पडत होती. आणि नगराच्या तटाबाहेर, झामोय्स्कीच्या अफाट जमिनींवर राबणारा शेतकरी हा भूदासच होता. १५८९ सालीं झामोय्स्कीनें राज्यसभेकडून आपली जहागीर अविभाज्य ठरवून घेतली. ती वांटली जाऊं नये, विकली जाऊं नये, एका वेळीं एकाच वारसाकडे जावी, असा तो कायदा. ही व्यवस्था दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत टिकली. नगराचें सौंदर्य या जमिनींच्या उत्पन्नावर उभें होतें, ही गोष्ट त्या सुंदर चौकांत उभें राहूनही विसरतां येत नाहीं. तथापि हिशेबानें कां होईना, ज्या शतकांत पश्चिम युरोपांत धर्माच्या नांवानें शेजारी शेजाऱ्याचा गळा कापीत होता, त्या शतकांत येथें त्यांना शेजारीं शेजारीं दुकानें थाटतां आलीं. आणि हें कमी नव्हतें.

यावर कळस म्हणजे विद्यापीठ. पोलंड-लिथुएनियाच्या राज्यांत त्यापूर्वीं उच्च शिक्षणाचीं दोनच मोठीं पीठें होतीं, क्राकूव आणि विल्नो. १५९४ सालीं झामोय्स्कीनें आपल्या नगरांत अकादमी स्थापिली आणि १५९५ सालीं ती सुरू झाली. शिमोन शिमोनोवित्स या विद्वान् कवीचें साहाय्य त्याला लाभलें; नगरांत छापखानाही निघाला. सरदारांच्या मुलांनीं केवळ तरवार फिरवूं नये, कायदा, तत्त्वज्ञान व भाषण यांतही तयार व्हावें, हा उद्देश होता. प्रजासत्ताक राज्याचें रूप त्याच्या तरुणांच्या शिक्षणावर ठरतें, हा विचार या अकादमीच्या १६०० सालच्या सनदेमुळें पोलंडांत सर्वतोमुखीं झाला आणि तेथील शाळांतून आजही सांगितला जातो. ‘उत्तरेकडील पाडुआ’ हें झामोश्चला मिळालेलें बिरुद केवळ कमानींमुळें मिळालेलें नाहीं.

संस्थापक १६०५ सालीं वारला आणि त्यानें बांधविलेल्या चर्चच्या तळघरांत त्याला विश्रांति मिळाली. त्याच्या मागें नगरानें दोन मोठे वेढे झेलले. १६४८ सालीं बोहदान ख्मेल्नित्स्कीचे कोसॅक आणि त्यांचे तातार साथीदार तटापुढें येऊन बसले. १६५६ सालीं स्वीडनचा राजा दहावा चार्ल्स आला. दोघांनाही नगर न जिंकतां परतावें लागलें. संकट टळल्यावर मोठ्या बाजाराच्या उत्तरेकडील आर्मेनियन व्यापाऱ्यांचीं घरें अधिकच नटलीं. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या, निळ्या रंगांच्या त्या घरांवर देवदूत, संत, सिंह आणि वेलबुट्टी कोरलेली आहे. आणि छप्पर झांकून टाकणाऱ्या उंच नक्षीदार भिंतींमुळें प्रत्येक घर शिरपेंच घातल्यासारखें दिसतें.

नगराच्या एका वेशीची कथा येथें सांगण्याजोगी आहे. १५८८ च्या जानेवारींत, पोलंडच्या गादीवर हक्क सांगत आलेल्या हाब्सबुर्ग घराण्यांतील मॅक्सिमिलियन या राजपुत्राचा झामोय्स्कीनें बिचिना येथें पराभव केला आणि त्याला कैद केलें. कैदी राजपुत्राला लुब्लिन वेशींतून नगरांत आणण्यांत आलें. आणि त्यानंतर त्या वाटेनें दुसऱ्या कोणींही येऊं नये म्हणून ती वेस विटा रचून बुजविण्यांत आली, असें परंपरा सांगते. ती जुनी वेस अजून उभी आहे. परंतु इतिहासाला उपहासाची हौस असते. १७७२ सालीं पोलंडची पहिली फाळणी झाली, तेव्हां झामोश्च ज्यांच्या वांट्याला गेलें ते ऑस्ट्रियाचे सम्राट् त्याच हाब्सबुर्ग घराण्याचे होते. बुजविलेली वेस त्यांना उघडावी लागली नाहीं. ते कागदावरच्या रेघेनें आंत आले. १७८४ सालीं त्यांनीं अकादमी बंद केली.

यापुढचा काळ नगराच्या देहाला फार जाचक ठरला. १८०९ सालीं पोलिश सैन्यानें तें परत घेतलें. १८१३ सालीं रशियन वेढ्यापुढें अनेक महिन्यांनंतर तें नमलें. मग रशियन झारच्या छत्राखालील पोलंडांत तें सामील झालें. १८२१ सालीं झामोय्स्की घराण्याकडून दुसऱ्या जमिनींच्या बदल्यांत सरकारनें नगर आपल्या ताब्यांत घेतलें आणि त्याचा निव्वळ लष्करी किल्ला केला. आर्मेनियन घरांवरचे शिरपेंच उतरले. नक्षी झांकली गेली. वाडा व अकादमी यांत शिपायांची सोय झाली. उपनगरें पाडून तेथील रहिवासी दुसरीकडे हलविण्यांत आले. नगराबाहेर १८२५ ते १८३१ च्या दरम्यान तोफांसाठीं विटांचा एक वर्तुळाकार बुरूज बांधण्यांत आला. त्याला ‘रोटुंडा’ म्हणतात. त्याचें नांव पुढें दुसऱ्या कारणानें येणार आहे. १८३०-३१ च्या उठावांत सारा देश नमल्यानंतरही झामोश्चचा किल्ला ऑक्टोबर १८३१ पर्यंत लढत राहिला. शेवटीं १८६६ सालीं किल्ला मोडण्याचा हुकूम निघाला. सुरुंग लावून तट उडविण्यांत आले. आणि ज्या नगरानें वेढे झेलले तें हुकुमानें उघडें पडलें.

मात्र किल्ला मोडला, म्हणून नगरजीवन मोडलें नाहीं. आर्मेनियन व्यापारी एव्हांना पांगले होते. त्यांचें चर्चही राहिलें नव्हतें. सेफार्दी ज्यूंची जागा सतराव्या शतकांतच यिद्दिश बोलणाऱ्या अश्केनाझी ज्यूंनीं घेतली होती, आणि नगराचा बाजार आतां मुख्यत्वें त्यांच्यावर चाले. ज्यूंमध्यें नव्या विद्येचे वारे ज्या गांवांत लवकर खेळूं लागले त्यांत झामोश्च होतें. आधुनिक यिद्दिश वाङ्मयाच्या आद्य शिल्पकारांपैकीं एक, इत्सखोक लेयबुश पेरेत्स, याचा जन्म १८५२ सालीं येथेंच झाला. वॉर्सा येथें जाण्यापूर्वीं त्यानें कांहीं वर्षें येथें वकिली केली. समाजवादी चळवळींतील प्रख्यात विदुषी रोझा लुक्सेम्बुर्ग हीही याच नगरांत जन्मली. तिच्या स्मरणार्थ लावलेली पाटी २०१८ सालीं सरकारी आदेशानें काढून टाकण्यांत आली. जन्मस्थान मात्र कोणाला काढून टाकतां येत नाहीं.

१९१८ सालीं पोलंड स्वतंत्र झाला. १९२० च्या ऑगस्टअखेर बुद्योन्नीच्या लाल घोडदळानें झामोश्चला वेढा दिला, तेव्हां नगराच्या रक्षणाला पोलिश सैनिकांबरोबर युक्रेनियन तुकडीही उभी होती, आणि तिचा सेनापति मार्को बेझ्रुच्को यानें बचावाचें नेतृत्व केलें. संकटसमयीं शेजाऱ्यानें शेजाऱ्यासाठीं उभें राहावें, ही नगराची जुनी रीत अजून सुटलेली नव्हती. पुढें १९२२ ते १९३५ पर्यंत बोलेस्वाव लेश्म्यान हा पोलिश भाषेचा थोर कवि या नगरांत नोटरीचें काम करीत होता. दिवसा खरेदीखतांवर शिक्के मारावे आणि फावल्या वेळीं अद्भुत कविता लिहाव्या, असा त्याचा क्रम.

१९३९ सालीं नगराची वस्ती सुमारे अठ्ठावीस हजार होती आणि त्यांपैकीं सुमारे बारा हजार ज्यू होते. सप्टेंबरांत जर्मन सैन्य आलें. मग सोव्हिएट सैन्य आलें. आणि ऑक्टोबरच्या आरंभीं दोघांत नवी सीमारेषा ठरून सोव्हिएट सैन्य बुग नदीपलीकडे निघून गेलें. कांहीं हजार ज्यू त्यांच्याबरोबर गेले. त्या रेषेच्या पूर्वेकडील पोलिश कुटुंबें पुढें सैबेरिया व मध्य आशियांत हद्दपार झालीं. त्यांतलींच सुमारे पांच हजार माणसें फिरतां फिरतां कोल्हापूरनजीक वळिवडे येथें आलीं आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथील छावणींत राहिलीं. रेषेच्या पश्चिमेकडे राहिलेल्या झामोश्चच्या वांट्याला नाझी अंमल आला.

झामोश्चपासून दक्षिणेस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर बेउझेत्स नांवाचें एक लहान रेल्वेस्थानक आहे. तेथें नाझींनीं १९४२ सालीं माणसें मारण्याचा कारखाना उघडला आणि एका वर्षाच्या आंत चार लाखांहून अधिक ज्यूंचा संहार केला. झामोश्चहून पहिली गाडी त्याच वर्षीं ११ एप्रिल रोजीं निघाली. ऑक्टोबरांत उरलेल्या ज्यूंना पायीं इझ्बित्सा गांवीं नेलें गेलें आणि तेथून गाडींत भरलें गेलें. १५८८ सालच्या सनदेनें ज्यांना या नगरांत आणलें, त्या समाजाचें साडेतीन शतकांचें वास्तव्य सहा महिन्यांत संपलें. ‘रोटुंडा’ या तोफांच्या बुरुजाला नाझी पोलिसांनीं वधस्थान बनविलें; तेथें सुमारे आठ हजार माणसें मारलीं गेलीं, असा अंदाज आहे.

त्यानंतर पोलिश शेतकऱ्यांची पाळी आली. हिटलरचा साहाय्यक हिम्लर यानें नोव्हेंबर १९४२ मध्यें झामोश्चचा मुलूख हा जर्मन वसाहतीचा पहिला प्रदेश म्हणून जाहीर केला. नगराला हिम्लरचेंच नांव देऊन ‘हिम्लरश्टाट’ म्हणावें, असाही बेत होता. २७ नोव्हेंबरच्या रात्रीं स्क्येर्ब्येशूव या गांवापासून उठवणीला प्रारंभ झाला. पहांटेच्या अंधारांत शिपायांनीं गांव वेढावें, माणसांना कांहीं मिनिटांत सामान बांधावयास लावावें आणि झामोश्च येथील कांटेरी तारांच्या छावणींत आणून त्यांची प्रतवारी करावी, असा क्रम सुरू झाला. कोणी जर्मनींत राबावयास, कोणी आउश्वित्सला. आणि म्हातारे व मुलें लांबच्या खेड्यांत सोडून देण्यासाठीं थंडगार मालगाड्यांत. १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे तीनशें खेड्यांतून एक लाख दहा हजारांच्या आसपास माणसें उठविलीं गेलीं. त्यांत सुमारे तीस हजार मुलें होतीं. झामोश्चजवळच्या एका खेड्यांतील चौदा वर्षांच्या मुलीचें आउश्वित्स येथें काढलेलें छायाचित्र आज जगभर ओळखलें जातें. डिसेंबर १९४२ मध्यें ती तेथें पोंचली. मार्च १९४३ मध्यें तिचा अंत झाला.

रिकाम्या झालेल्या घरांत ज्यांना आणून बसविलें तेही बहुधा दुसरीकडून हलविलेलेच होते. रुमानियांतील बेसारेबियाहून आणलेल्या अशा एका जर्मन कुटुंबांत फेब्रुवारी १९४३ मध्यें स्क्येर्ब्येशूव गांवीं एक मुलगा जन्मला. होर्स्ट केलर हें त्याचें नांव. तो पुढें २००४ ते २०१० पर्यंत जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष होता. नकाशावर माणसें सोंगट्यांप्रमाणें हलविण्याचा हा खेळ किती विपरीत होता, हें एवढ्या एका गोष्टीवरून ध्यानांत येईल.

हा बेत तडीस गेला नाहीं. शेतकऱ्यांचीं पथकें जंगलांत शिरलीं आणि १९४२ च्या डिसेंबरापासून वोयदा, झाबोरेच्नो वगैरे ठिकाणीं त्यांनीं उघड सामने दिले. मुलांनीं भरलेल्या गाड्या येत आहेत, ही बातमी रेल्वेच्या कामगारांकडून पुढें जाई. आणि वॉर्सासारख्या स्थानकांवर अनोळखी स्त्रिया पाव, दूध घेऊन थांबत, पहारेकऱ्याला पैसे चारीत आणि मिळेल तें मूल पदराखालीं घालून घरीं नेत. झामोय्स्की घराण्याच्या ज्या झ्व्येझिनियेत्स गांवीं पूर्वीं शिकारीचें रान होतें, तेथेंही अशीच एक छावणी होती. त्या वेळचा जहागीरदार, संस्थापकाचाच नामधारी यान झामोय्स्की, हा लुब्लिन येथील नाझी अधिकारी ग्लोबोच्निक याच्यापुढें जाऊन उभा राहिला आणि सहा वर्षांखालील मुलें सोडावीं असें त्यानें मागणें केलें. चारशेंहून अधिक मुलें त्याच्या व त्याची पत्नी रूझा हिच्या हवालीं झालीं. त्यांची शुश्रूषा सारें गांव करूं लागलें. कित्येक मुलें इतकीं खंगलेलीं होतीं कीं तीं वांचलीं नाहींत; परंतु बहुतेक वांचलीं.

१९४४ च्या जुलैंत जर्मन गेले. आश्चर्य म्हणजे नगराच्या इमारती बहुतांशीं शाबूत होत्या. वॉर्साची राखरांगोळी झाली. झामोश्चच्या कमानी तशाच उभ्या होत्या. पुढें, विशेषतः १९७० नंतरच्या दहा वर्षांत, नगराच्या चारशेंव्या वाढदिवसाच्या निमित्तानें मोठा जीर्णोद्धार झाला. जुन्या चित्रांच्या आधारें आर्मेनियन घरांवरचे शिरपेंच पुन्हां चढले, रंग पुन्हां उजळले. दीर्घकाळ ग्रंथालय म्हणून वापरलेलें, सतराव्या शतकाच्या आरंभींचें सिनेगॉगही २०११ सालीं दुरुस्त होऊन खुलें झालें. त्याच्या घुमटाखालील चुन्याची नक्षी पाहून प्रवासी थक्क होतात.

परंतु येथेंच नगराची खरी व्यथा उघडी पडते. आर्मेनियन घरें आहेत, आर्मेनियन नाहींत. सिनेगॉग आहे, प्रार्थनेला जमणारा समाज नाहीं. गेलेला दगड कारागिराला परत बसवितां येतो. गेलेली बोली, गेलेलें गिऱ्हाईक, दाराशीं बसून भाव करणारा शेजारी, हीं परत बसवितां येत नाहींत. मोरांदोनें नगराला मनुष्यदेहाचा आकार दिला. पण त्या देहांत रक्त खेळविलें तें सनदा घेऊन आलेल्या या परक्यांनीं. किल्लेदारानें नगराचें रूप बिघडविलें, तें दीडशें वर्षांनीं सुधारलें. नाझींनीं माणसें नेलीं, ती हानि भरून निघाली नाहीं.

तरीही इतिहासाची एक भरपाई झामोश्चला लाभली. छावणींतून मुलें सोडविणारा तो यान झामोय्स्की युद्धानंतर जमिनीला मुकला. नव्या राजवटीनें त्याला १९५६ पर्यंत तुरुंगांत ठेवलें. पूर्वजांच्या नगराशीं त्याचा कायदेशीर संबंध उरला नव्हता. १९९० सालीं पोलंडांत पुन्हां मोकळ्या निवडणुका झाल्या, तेव्हां त्याच्या मुलाला, मार्चिन झामोय्स्कीला, झामोश्चनें आपला नगराध्यक्ष केलें. पहिला यान झामोय्स्की नगराचा मालक होता. त्याच्या घराण्यांतला हा मार्चिन नगराचा सेवक म्हणून नगरसभेच्या इमारतींत बसला. १९९२ सालीं जुन्या झामोश्चचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशांत झाला. मुलें सोडविणारा यान झामोय्स्की २००२ सालीं निवर्तला. त्यानंतर वीस वर्षांनीं युक्रेनवर रशियाची स्वारी झाली आणि सरहद्द ओलांडून आलेल्या बायकामुलांनीं हा सारा मुलूख भरून गेला, तेव्हां झामोश्चनेंही त्यांना आसरा दिला. चारशें वर्षांपूर्वीं परक्यांना घातलेली हांक अगदींच हवेंत विरून गेली नव्हती.

दुपारीं बारा वाजतां नगरसभेच्या मनोऱ्यावरून एक वादक तुतारी फुंकतो. तो तीनच दिशांना तोंड करून फुंकतो. क्राकूवच्या दिशेला फुंकीत नाहीं. संस्थापकाचें त्या राजधानीशीं कधींच पटलें नाहीं, म्हणून त्यानेंच तसा दंडक घातला, असें गांवकरी हंसत सांगतात. तें खरें असो वा नसो. श्रोत्यांपैकीं कोणाचें पाऊल कधीं त्या बाजूस वळलें, तर त्यानें ती तुतारी मोठ्या बाजारांत, आर्मेनियन घरांसमोरच्या पडवींत उभें राहून ऐकावी. समोरचीं घरें कोणाचीं होतीं, एवढें मात्र त्यानें शेजारच्या माणसाला विचारावें. आज झामोश्चच्या मुलांना तें शाळेंत शिकवितात, आणि विचारणाऱ्याला तीं तें सांगतात.